रोजचं एक खोटं

चंद्रावरच्या नागरिकत्व कचेरीत हेमांगी आणि तिचा नवरा तोमास खुर्चीचे पट्टे आवळून बसले होते. तो जन्माने तिथलाच, ती साताऱ्याची. लग्न खरं की कागदापुरतं, हे ठरवणाऱ्या यंत्राने त्यांच्या घरातलं तीन वर्षांचं बोलणं ऐकून ठेवलं होतं.

"अर्जदार बाई रोज एक खोटं बोलतात," यंत्र पाठ्यपुस्तकी मराठीत म्हणालं. "घरातून निघताना 'येते' म्हणतात. प्रत्यक्षात जातात."

निघताना 'जाते' म्हणायचं नसतं, एवढंच हेमांगीला आईने शिकवलेलं. आता हे या डब्याला कसं पटवायचं?

तोमास मात्र हसला. "मग संध्याकाळचंही तपासा की! ती आली नाही, असा एक तरी दिवस दाखवा."

यंत्राने तीन वर्षांच्या संध्याकाळी तपासल्या. मग पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: नागरिकत्व मंजूर.

हसावं की डोळे पुसावेत, हेमांगीला कळेना. दाराशी पोचल्यावर ती सवयीने वळून म्हणाली, "येते हं."

"या," यंत्र म्हणालं.