सावकाशीचं घर

"चाकांवरून नको ओढूस, उचलून घे," वहिनीने दारातच सांगितलं. धाकटीने बॅग उचलली, चपला काढल्या आणि आत आली. फोन तिने आपणहून बंद करून वहिनीच्या हातात दिला. त्यासाठीच तर ती आली होती.

दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीवर ती नोकरीला होती. दिवसभर फोन, रांगा आणि लोकांचा आरडाओरडा. अलीकडे जेवताना घास हातात तसाच राहायचा आणि उगाच रडू यायचं. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतो, पण जरा सावकाश जगायला शिका." तेव्हा तिला दादा आठवला.

दादा-वहिनीच्या सावकाश जगण्याचं नातेवाइकांत भारी कौतुक होतं. एके काळी घरामागच्या शेडमध्ये दादाचा छापखाना धडधडायचा आणि पुढच्या खोलीत वहिनीचं मोटारीवरचं शिलाई मशीन. मग त्यांची एकुलती एक मुलगी तापाचं निमित्त होऊन गेली. भिंगरी हे नाव धाकटीनेच ठेवलं होतं, कारण पोर एका जागी ठरायची नाही. ती गेली आणि घरातून एकेक वस्तू जायला लागली. छापखाना विकला, मशीन विकलं. टीव्ही गेला, मिक्सर गेला, घड्याळ गेलं, शेवटी फ्रिजही गेला. आता दादा हाताने पुस्तकं बांधायचा आणि वहिनी हाताने शिवायची. एवढ्या दुःखातून माणसं किती छान सावरली, असं सगळे म्हणायचे.

धाकटीलाही तसंच वाटलं. वहिनी भाजी चिरताना फळीखाली फडक्याची घडी ठेवायची. दादा रोज सकाळी दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालायचा. कुणी धावत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. धाकटीला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

"वहिनी, मला इथेच ठेवून घे गं," ती म्हणाली. वहिनी नुसती ओठांनी हसली.

संध्याकाळी दोघं जिन्याच्या खालच्या पायरीवर शेजारी शेजारी बसायची. वर भिंगरीची खोली होती.

"ऐकलंस?" दादा हळूच विचारायचा.

"हो," वहिनी म्हणायची.

पाखरांचं काहीतरी असेल, असं धाकटीने धरलं. या वयातही दोघं अशी बसतात, याचंच तिला अप्रूप वाटलं.

एका सकाळी तिच्या हातून पातेलं निसटलं. घरभर खणखणाट झाला. वहिनी पांढरीफटक पडली. तिने पातेल्याकडे पाहिलंच नाही, जिन्याकडे पाहिलं. मग धाकटीचा हात धरून तिला मागच्या अंगणात घेऊन गेली.

"तुझ्या दादाला भिंगरी ऐकू येते," वहिनी कुजबुजली. "वरच्या खोलीत. ती गेली तेव्हा त्याने अन्न सोडलं होतं. एका संध्याकाळी मला म्हणाला, ऐकलंस? मी हो म्हटलं. त्या दिवशी तो पोटभर जेवला. तेव्हापासून रोज हो म्हणतेय, आणि त्याला ती ऐकू यावी म्हणून घरात आवाज होऊ देत नाही. मला कधीच काही ऐकू आलं नाही गं! ही शांतता मला खायला उठते. मशीन हवंय मला, माणसांचा गलका हवाय. पण त्याला हे घर सोड म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?"

धाकटी तडक शेडमध्ये गेली. दादा पानांच्या थप्पीतून सुई काढत होता.

"दादा, वहिनीने सगळं सांगितलं मला."

त्याने सुई खाली ठेवली. "बोलली म्हणजे बरं झालं. तिच्या मनाला जप. ती सारखी त्या जिन्यापाशी कान देऊन उभी राहायची. एकदा विचारलं, ऐकलंस? तर हो म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर कुठे जरा रंग आला. मग विचारतच राहिलो. मला काय ऐकू येणार, कपाळ! जुना भागीदार नव्या छापखान्यावर बोलावतोय, दुसऱ्या गावी. मी आज निघालो असतो. पण तिला त्या जिन्यापासून कशी तोडू?"

हसावं की रडावं, धाकटीला कळेना. दोघांनी एकमेकांसाठी स्वतःला भिंतींत गाडून घेतलं होतं.

त्या संध्याकाळी ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. दादाने नेहमीसारखं विचारलं, वहिनीने नेहमीसारखं उत्तर दिलं.

"पुरे आता," धाकटी म्हणाली. "तुमच्यापैकी कुणालाच काही ऐकू येत नाही. सकाळी दोघांनी एकेकट्याने मला हेच सांगितलं."

दादा वहिनीकडे वळला.

"म्हणजे तू कधीच नाही?" दादाने विचारलं.

"आणि तू?"

वहिनीने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला. त्या घरात इतक्या मोठ्याने कुणी रडलं नव्हतं, अगदी भिंगरी गेली त्या दिवशीसुद्धा नाही. दादाही रडला. रडता रडता दोघं हसायला लागली, वेड्यासारखी. आपण उद्याच त्या छापखान्याच्या गावी जाऊ, दादा म्हणाला. वहिनी म्हणाली, मला आधी मशीन घेऊन दे. धाकटीच्या छातीवरचा दगड उतरला.

वहिनीने पदराने डोळे पुसले. "खरं सांग हं धाकटे. इतके दिवस इथे आहेस, तुला तरी कधी वरून काही ऐकू आलं?"

धाकटी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच जिन्याच्या वरच्या पायरीवरून धापा टाकत कुणीतरी विचारलं, "आत्या, मी पण येऊ?"

दादा-वहिनी धाकटीकडेच बघत होती. डोळे ओले, चेहरे मोकळे, उत्तराची वाट पाहणारे.

"नाही," धाकटी म्हणाली.