कल्याणचा रहिवासी

"घरातलं कोणीतरी बोललं पाहिजे," त्र्यंबकराव वकील म्हणाले. "नुसत्या शेजाऱ्यांच्या साक्षीवर भागायचं नाही."

गोपीनाथ नौपाड्यातल्या त्या कचेरीच्या छताकडे पाहत राहिला. घरातलं म्हणजे त्याची बायको मंदाकिनी. आणि मंदाकिनीला दाखवण्यासारखं तोंड त्यानं ठेवलं नव्हतं.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात तो कराचीला दुकान बघायला गेला, तो फाळणी झाली तरी तिकडेच राहिला. पुढच्या वर्षी तिथं शीलाशी लग्न लावलं. दुकान बसलं तेव्हा त्याला मायदेश आठवला. आता तात्पुरत्या परवान्यावर तो शीलाला घेऊन डोंबिवलीत राहत होता. तो कायमचा गेलाच नव्हता, घर कल्याणलाच होतं, असं ठरलं तर तो भारताचा नागरिक. नाही ठरलं, तर परवाना संपताच पुन्हा कराची.

शीलाबद्दल त्यानं वकिलांना सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची गोपीनाथला सवय नव्हती.

त्र्यंबकराव स्वतः पारनाक्यावरच्या घरी गेले. गोपीनाथ उंबऱ्याबाहेरच घुटमळला. धाकटा दीर बाळ वहिनीला म्हणाला, सरळ नाही म्हणा, जिथून आला तिथं जाऊ दे त्याला. सगळ्या आळीचं मत तेच होतं. काहींनी तर त्याला बोटीवर बसवून यायची तयारी दाखवली.

मंदाकिनीनं वकिलांना चहा दिला आणि नेमकं काय सिद्ध व्हायला हवं, एवढंच विचारलं. त्यांनी सांगितलं.

"मग सांगेन मी," ती म्हणाली. "खोटं थोडंच आहे?"

ठाण्याला चौकशीच्या दिवशी तिनं हातचं काही राखलं नाही. गणपतीला दरसाल दीर पूजेला बसले, पण संकल्प ह्यांच्याच नावानं सोडला. माडीवरची खोली ह्यांची, ती कुणाला दिली नाही. वडाला फेऱ्या घातल्या त्याही ह्यांच्यासाठी. अधिकाऱ्यांनी विचारलं, इतकी वर्षं परतले नाहीत, तरी घर इथंच कसं म्हणता?

"माणूस बाजाराला जातो साहेब. उशीर झाला म्हणून त्याचं घर बाजारात होत नाही."

अधिकारी हसले. गोपीनाथनं रुमाल डोळ्यांना लावला. बायको असावी तर अशी, असं त्याला वाटलं. याआधी एकदा हेच त्याला शीलाबद्दल वाटलं होतं.

निकाल त्याच्या बाजूनं लागला. बाहेरच्या ओसरीवर त्यानं पेढ्यांचा पुडा सोडला, पहिला पेढा मंदाकिनीपुढे धरला.

"मंदा, मागचं सगळं विसरलीस तू. मोठं मन आहे तुझं."

तिनं पेढा घेतला, खाल्ला नाही. वकिलांकडे वळून तिनं शांतपणे विचारलं, "म्हणजे अठ्ठेचाळीस सालीही हे कल्याणचेच रहिवासी होते, असं सरकारनं मान्य केलं ना?"

"अगदी निःसंशय," त्र्यंबकराव खूश होऊन म्हणाले.

"बरं झालं. पहिली बायको असताना ह्यांनी तिकडे दुसरं लग्न केलं, ही माझी फिर्याद फौजदारांनी परत पाठवली होती. म्हणाले, कराचीच्या माणसाला मुंबईचा द्विभार्याबंदीचा कायदा लागत नाही."