उन्हाला भ्यालेला चेहरा

मालनच्या हातावर, कोपराखाली, तिच्या मेलेल्या नवऱ्याचा चेहरा गोंदलेला होता. शाई त्याच्याच पेशींपासून वाढवलेली, जिवंत. तिनं हाक मारली की चेहरा हसायचा. "या शाईला ऊन सोसत नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं, "सनस्क्रीन लावल्याशिवाय बाहेर पडू नका."

त्या दिवशी किनाऱ्यावर मासळी वाळत घालायच्या घाईत ती सनस्क्रीन लावायला विसरली. दुपारी हाताकडे पाहिलं, तर कातडी कोरी. मालन वाळूतच मटकन बसली.

"हे परत गेले गं," ती नणंदेला, शेवंताला म्हणाली.

शेवंतानं तिला घरी आणलं, घामानं भिजलेलं पोलकं बदलायला लावलं. पाठीमागे उभी असलेली शेवंता एकाएकी मागे हटली.

"काय झालं?"

"वहिनी, दादा पाठीवर आलाय." शेवंता वाकून पाहू लागली. "उन्हातून पळालाय. डोळे घट्ट मिटलेत. आणि अजून वर सरकतोय, तुझ्या केसांकडे. डॉक्टरांना बोलावू?"

 मालननं अंबाडा सोडला आणि मोकळे केस पाठीवर पसरले. मानेवरून काहीतरी गार गार वर चढू लागलं, तरी ती हलली नाही.