भाचीची राखण

वहिनी बाथरूममध्ये घसरून हात मोडून बसली आणि भाऊ तिला दवाखान्यात घेऊन गेला, म्हणून चार वर्षांच्या छकुलीला सांभाळायला आत्या धावत आली. पोर सांभाळायची तर डोळ्यांत तेल घालून, हा तिचा खाक्या. आल्या आल्या तिनं गॅस बंद केला, गॅलरीच्या दाराला कडी घातली, औषधं वरच्या फळीवर ठेवली.

दुपारी बेल वाजली. कुरिअर घेऊन आत्या वळली, तर छकुली गायब. हाका मारून मारून तिचा घसा सुकला. शेवटी तिनं पलंगाखालची मोठी बॅग ओढली, तर मागे पोर अंग चोरून बसलेली, स्वतःच्याच हातानं तोंड दाबून.

"अगं, जीव टांगणीला लागला माझा. इथं काय करतेस?"

"बेल वाजली ना," छकुली कुजबुजली. "बाबा आले की आई मला इथं ठेवते. आणि ती बाहेर थांबते."

तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. "ताई, दार उघड, आम्ही आलोय," बाहेरून भावाचा आवाज आला.

 

आत्यानं बॅग होती तशी आत सरकवली आणि ती एकटीच दाराकडे गेली.