एकट्याचा टेंट

स्लॅबमध्ये खुंटी ठोकता येत नाही, म्हणून मोहिनीने दोन्ही टेंटच्या दोऱ्या कुंड्यांना बांधल्या. कोरफड, जास्वंद, मोगरा; कुंड्या संपल्या तेव्हा विटा. इंदिरानगरमधल्या त्या गच्चीवर डिसेंबरचं ऊन नुकतंच आलं होतं. एक टेंट दोघांचा, एक एकट्याचा. दोन्ही वजनाला हलके, दोन्ही बर्फवाऱ्यात टिकणारे. ‘घरी लावून बघा, नको असेल तो संध्याकाळी आणून द्या,’ असं म्हणून दुकानदार धम्मपालने दोन्ही विश्वासाने दिले होते.

शेखर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. काठी मांडीवर आडवी, हातात सामान तोलायचा काटा. टेंट उभे करायच्या आधी त्याने दोन्हींच्या पिशव्या हुकाला लावून बघितल्या होत्या.

“किलोभराचाच फरक आहे,” तो म्हणाला. “दोघांचा घे. सॅक आत राहील, बूट आत राहतील. बर्फ पडायला लागला की आत बसून चहा करता येतो.”

“टेंटमध्ये स्टोव्ह पेटवायचा नाही, हे मला कोणी शिकवलं?”

“दाराशी म्हणतोय मी. दाराशी.”

मोहिनी हसली. फेब्रुवारीत ती ट्रेकिंग क्लबबरोबर हिमाचलात जाणार होती आणि शेखर जाणार नव्हता, एवढं ठरलं होतं. त्याच्या पुढचं काही ठरलं नव्हतं. शेखरच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी एकदा ‘कायमचं’ असा शब्द वापरला होता; घरी आल्यावर दोघांपैकी कोणीही तो पुन्हा उच्चारला नाही. दोघांचा टेंट घेतला तर तो शब्द तसाच न उच्चारलेला राहणार होता. त्यासाठी किलोभर जास्त ओझं पाठीवर घ्यायचं. घेता आलं असतं. बर्फात, चढावर, पन्नाशीनंतर एक किलो म्हणजे नेमकं काय, हे मात्र तिला ठाऊक होतं. शेखरलाही.

ती लहान टेंटमध्ये शिरली आणि पाठीवर आडवी झाली. पाय पुरत होते. उशाशी सॅकपुरती जागा होती. तिने कापडाला आतून तळहात लावून दाबलं; पोल वाकला आणि हात काढताच सरळ झाला. नारिंगी उजेडात तिला तिच्याच श्वासाचा आवाज ऐकू येत होता. टेंट तिला आवडला. आवडला हे लक्षात आल्यावर ती जरा वेळ बाहेर आली नाही.

तेवढ्यात जिन्यावर बादलीचा आवाज झाला. खालच्या मजल्यावरच्या वत्सलाबाई कपडे वाळत घालायला आल्या होत्या.

“अगं बाई! भांडण झालं की काय? दोघांची दोन घरं?”

“नाही हो. मोहिनी घर बघतेय तिचं,” शेखर म्हणाला.

“ते बारकं? मग हे मोठं तुम्हाला वाटतं?”

“मला खुर्ची पुरे.”

वत्सलाबाई मोठ्याने हसल्या. दोरीवर ओले कपडे झटकल्याचे आवाज येत राहिले. त्या खाली गेल्यावर मोहिनी बाहेर आली.

“कसा आहे?”

“बरा आहे.”

“बरा म्हणजे?”

“पाय पुरतात. वाऱ्याला टिकेल.”

“म्हणजे चांगला आहे.”

“शेखर, मोठाही काही फार जड नाहीये...”

“मोठा आवरायला घे,” तो म्हणाला. तिच्याकडे न बघता, हातातल्या काट्याच्या हुकाकडे बघत. “धम्मपालला संध्याकाळी परत द्यायचाय.”

तिने मोठा आवरला. मग लहान सोडायला घेतला. शेखरने खुर्चीतूनच हात पुढे केला, तशी तिने कापड त्याच्या मांडीवर ठेवलं आणि ती पोल सुटे करायला बसली. कापडातली हवा दाबत दाबत त्याने घट्ट वळकटी केली. तिने पोल एकावर एक घडी करून बांधले. लग्नाच्या आधीपासून त्यांची वाटणी ठरलेली: कापड त्याच्या सॅकमध्ये, पोल तिच्या.

काम संपलं तेव्हा पोल तिच्या काखेत होते आणि वळकटी शेखरच्या खुर्चीपाशी, त्याच्या पायाला टेकून. तिथेच ठेवायची सवय होती त्याला.

दोघांनी खाली बघितलं. मग एकमेकांकडे.

शेखर उठला. काठी खुर्चीवरच राहिली. वळकटी घेऊन तो चार पावलं चालत कठड्याला टेकवलेल्या तिच्या सॅकपाशी आला, ती आत सरकवली, तिच्या काखेतले पोल काढून घेऊन बाजूच्या पट्ट्यात खोचले आणि पट्टा ओढून घट्ट केला. मग खुंट्यांची पिशवी उघडून त्यातली एक बाहेर काढली.

“ही एक जास्तीची दिसतेय.”

सकाळी प्रत्येक दोरी मोहिनीने स्वतः बांधली होती. जितक्या दोऱ्या, तितक्याच खुंट्या. आणि मोजल्याशिवाय खुंट्यांची पिशवी बंद करणाऱ्यांतला शेखर कधीच नव्हता.

“असू दे तुझ्याकडे,” ती म्हणाली. “तिकडे दोरी बांधायला दगड मिळतात.”

त्याने खुंटी शर्टाच्या खिशात ठेवली आणि पिशवीची नाडी आवळून तिच्या हातात दिली.

“दगड बघून घे मात्र,” तो म्हणाला. “बसका. घरंगळणारा नको.”