नऊ मिलिसेकंद

ड्रमभोवती आठ माइक होते आणि आठही चालू होते. त्यांतल्या एकाचाही आवाज अल्बममध्ये घ्यायचा नव्हता, हे स्टुडिओतल्या तिघांपैकी दोघांनाच ठाऊक होतं.

ठाऊक नव्हतं ते ड्रम वाजवणाऱ्या दादाला. काचेपलीकडे तो नवव्या, शेवटच्या गाण्याला भिडला होता. हाताचा कंप दिसू नये म्हणून त्याने काठी आवळून धरली होती. काचेअलीकडे त्याचा धाकटा भाऊ, बँडचा गायक, मान खाली घालून बसला होता.

"यंत्राचे ठोके लावलेस ना?" त्याने रेकॉर्डिस्टला विचारलं.

"लावलेत. आवाज पहिल्या अल्बममधल्या त्यांच्याच ड्रमचे घेतलेत. पण त्यांना सांगायला हवं."

"तूच सांग. त्याने मला सायकलवरून शाळेत सोडलंय गं. माझी जीभ रेटत नाही."

तिचीही रेटली नाही.

गाणं संपलं. दादा घाम पुसत अलीकडे आला. "काय रे, तुझ्या गाण्यात एखादा तरी माणूस शेवटपर्यंत जगू दे की! पहिल्या अल्बमलाही झाडून सगळे मारलेस."

"आपला काळोखच खपतो, दादा."

"खपू दे. पोरी, लाव बघू."

तिने लावलं. धाकट्याच्या जड आवाजाखाली ठोके पडू लागले. थंड, सारखे, न थकणारे. दादा डोळे मिटून ऐकत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला.

"डॉक्टर म्हणे, काठ्या खाली ठेवा! त्याला ऐकवा हे." त्याने धाकट्याच्या पाठीत धपाटा घातला. "आणि तू? महिनाभर तोंड पाडून हिंडतोयस. मला वाटलं, मला काढताय की काय."

धाकट्याने हसून घेतलं.

"आता मोजून दाखव," दादा तिला म्हणाला.

"कशाला?" धाकटा घाईने म्हणाला. "मस्त वाजलंय."

"पहिल्या अल्बमच्या वेळी मोजलं होतं की. घड्याळाच्या ठोक्यापासून माझा हात सरासरी नऊ मिलिसेकंद हलला होता. नऊ! पोरी, तूच म्हणालेलीस ना, दहाच्या आत म्हणजे हात पक्का, आणि शून्य हाडामासाच्या माणसाला कधीच जमत नाही?"

"म्हणाले होते."

"मग? बारा आले तरी चालतील. पंधरा म्हण. कागदावर लिहून डॉक्टरच्या टेबलावर ठेवतो."

त्याच्या खऱ्या वाजवण्याचा आकडा तिने मघाशीच पाहिला होता. चौऱ्याहत्तर. तिची बोटं माउसवर तशीच राहिली.

"सरक, मला माहितीये कुठे दाबायचं ते." दादाने माउस ओढून घेतला. बाण पडद्यावर थरथरत फिरला, बटणाला हुकला, परत आला. धाकटा उठून दाराकडे गेला, पण बाहेर पडला नाही.

दुसऱ्या खेपेला बटण दाबलं गेलं.

ठोके : ५१२. सरासरी फरक : ०.० मिलिसेकंद.