अस्वलाला झोप आली

धाकटीचा पहिला दात पडला, त्या वर्षीच्या सुट्टीतली गोष्ट. मनोरंजन बागेत नवरा पोशाख घालून अस्वल व्हायचा, बायको झाडू मारायची. अस्वलानं बोलायचं नसतं. "घरी तोंड उघडत नाहीस, इथंही उघडायचं नाही. बरी सापडली तुला नोकरी!" असं ती त्याला चिडवायची.

दुपारी कारंज्यापाशी चार टगे आले. एकानं अस्वलाचे कान पिळले, दुसऱ्यानं मागून लाथ घातली. अस्वल गडगडत दहा पायऱ्या खाली आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, खेळच आहे.

बायको झाडू टाकून धावली. अस्वलाच्या तोंडाच्या जाळीतून घरघर येत होती. "अगं, काढ हे... श्वास..."

तिनं गळ्याच्या पट्ट्याला हात घातला, तोच मॅनेजर साहेबानं तिचं मनगट धरलं.

"वेड लागलं का? लोकांसमोर डोकं काढायचं नाही, माहीत आहे ना? पोरं बघतायत."

"साहेब, आत माणूस आहे!"

"हळू बोल. मागच्या खोलीत नेऊ, मग काढ."

भोंग्यावरचं गाणं मोठं झालं. मधेच गोड आवाज आला, "आपल्या अस्वलाला झोप आली बरं का, बाळांनो!" पोरं हसली. तिकडे रखवालदार त्या चौघांना मागच्या फाटकाकडे नेत होते. प्रत्येकाच्या हातात थंड बाटली. "दादा, तुम्हाला त्रास झाला, माफ करा हं. तेवढं मोबाइलमधलं शूटिंग पुसून टाका."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबाच्या हाताला तिनं कडकडून चावा घेतला, पट्टा तोडला आणि डोकं उपटून काढलं.

आतला चेहरा काळानिळा पडला होता. एक पोर किंचाळलं. हशा थांबला.

"बघा की!" ती गर्दीवर ओरडली. "हा माझा नवरा आहे. तिकीट काढून आलात ना? मग बघा पोटभर!"

"छत्र्या आणा! आडोसा करा!" साहेब हात चोळत ओरडत होता.

छत्र्या लगेच आल्या. लाल, पिवळ्या, मोठमोठ्या. डॉक्टर आला नाही.

तिचा नवरा त्याच दुपारी पावणेचारला, कारंज्याच्या खालच्या पायरीवर मेला. बागेच्या कागदावर वेळ संध्याकाळी सातची आहे, आणि जागा फाटकाबाहेरची.